व्हेल शार्कसाठी पाण्यात उतरणाऱ्याला काय करता येतं: तीन मीटर, डावी कूस आणि तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे. सहा जणांचा गट पुण्याहून मालदीवच्या दक्षिण आरी अॅटॉलला (प्रवाळ बेटांच्या कड्याला) चालला आहे. तिघांकडे ओपन वॉटरचं, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचं सुरुवातीचं, प्रमाणपत्र आहे, बाकीचे तिघे फक्त स्नॉर्केल करणारे, म्हणजे नळीने श्वास घेत पृष्ठभागावर पोहणारे. व्हेल शार्क, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा मासा, बघायचा आहेच, पण नुसतं बघून न येता त्याच्या संवर्धनाला हातभार लावता येईल का? आणि परत आल्यावर आपल्या किनाऱ्यावर काही करता येईल का?

दोन्ही जमेल. यातली सगळ्यात उपयोगी गोष्ट फुकट आहे: माशाच्या डाव्या कुशीचा एक स्वच्छ फोटो, सोबत तारीख, वेळ आणि जागा. अट एवढीच, की तो फोटो मासा न बिचकता मिळाला पाहिजे. त्याची तयारी होडी ठरवण्यापासून सुरू होते, म्हणून उत्तर लांबलं आहे.

आधी या माशाची अडचण समजून घ्या. व्हेल शार्क वाढतो फार सावकाश. नर साधारण आठ-नऊ मीटरचा झाल्यावर वयात येतो, आणि तिथपर्यंत पोहोचायला त्याला दोन-अडीच दशकं किंवा त्याहून जास्त काळ लागतो. अणुचाचण्यांमुळे समुद्रात उतरलेल्या कार्बनच्या खुणा मणक्यात मोजून २०२० मध्ये काही माशांची वयं काढली गेली. पाकिस्तानच्या किनाऱ्यावरची, म्हणजे आपल्याच अरबी समुद्रातली, दहा मीटरची एक मादी पन्नास वर्षांची निघाली. असा मासा मेला तर ती जागा भरायला आपलं अर्धं आयुष्य जातं. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेने २०१६ मध्ये त्याला ‘संकटग्रस्त’ ठरवलं. तीन पिढ्यांत, म्हणजे सुमारे ७५ वर्षांत, जगातली संख्या निम्म्याहून खाली आल्याचा तो अंदाज होता. शिकार बऱ्याच देशांत थांबली आहे, पण बोटींची धडक थांबलेली नाही. मोठ्या जहाजांच्या वाटा आणि उपग्रह टॅग (उपग्रहाला जागा कळवणारं यंत्र) लावलेल्या माशांच्या वाटा एकमेकांवर ठेवून २०२२ मध्ये एक अभ्यास झाला. मासे ज्या भागांत वावरतात त्यातला सुमारे ९२ टक्के भाग जहाजांच्या वाटांखाली येतो असं त्यात दिसलं. धडकेने मेलेला व्हेल शार्क तरंगत नाही, बुडतो. त्यामुळे मेलेल्यांची मोजदाद कुणाकडेच नसते. जिवंत माशांची ओळख पटवत राहणं आणि कोण दिसेनासा झाला ते बघणं, हाच हिशेब ठेवायचा मार्ग आहे. तुमच्या फोटोची किंमत ती.

दक्षिण आरीत दिसणारे मासे बहुतेक सगळे अल्पवयीन नर असतात. त्यातले कित्येक वर्षानुवर्षं त्याच भागात परत परत दिसतात. म्हणजे तिथे प्रोपेलरने कापला जाणारा मासा बहुधा अजून एकदाही प्रजनन न केलेला असतो. मालदीवने या माशाला १९९५ मध्ये संरक्षण दिलं, २००९ मध्ये हा भाग सागरी संरक्षित क्षेत्र झाला. तरी एका माशाभोवती सात-आठ होड्यांचा गराडा पडायचा तो पडतोच.

म्हणून पैसे भरण्याआधी होडीवाल्याला चार प्रश्न विचारा. एका वेळी पाण्यात किती जण सोडता? मासा बोलावायला खाणं टाकता का, किंवा रात्री होडीच्या मागे प्रखर दिवे लावता का? प्रोपेलरला संरक्षक जाळी किंवा कडं आहे का? आणि खरा कस लागतो तो प्रश्न: तुम्ही पोहोचलात आणि त्या माशाजवळ आधीच दोन होड्या असतील, तर काय करता? ‘थांबतो, नाहीतर दुसरा शोधतो’ असं उत्तर आलं तर तिथे पैसे भरा. ‘काळजी नको, तुम्हाला दाखवतोच’ असं आलं तर दुसरीकडे चौकशी करा.

दिसण्याची शंभर टक्के हमी कुणी देत असेल तर बहुतेक वेळा मागे खाऊ घालणं असतं. फिलिपिन्समधल्या ओस्लोबला २०११ पासून रोज सकाळी होडीतून बारीक कोळंबी टाकून मासे थोपवून धरतात. तिथल्या माशांनी होडी म्हणजे खाणं हे समीकरण पक्कं केलं आहे. ते होडीला येऊन थडकतात, तोंडाभोवती घासल्याच्या जखमा होतात, आणि उद्या दुसऱ्या बंदरात जाळंवाल्याच्या किंवा स्पीडबोटीच्या जवळही तेवढ्याच विश्वासाने जातात. रात्रीच्या दिव्यांचं गणितही याच जातीचं आहे: दिव्याभोवती प्लवक जमतं, प्लवकामागे मासा येतो, आणि तो येतो थेट होडीच्या मागे, जिथे प्रोपेलर असतो.

नियम कसे असावेत याचा चांगला नमुना पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या निंगालूला आहे. माशाभोवती २५० मीटरच्या वर्तुळात एका वेळी एकच होडी, वेग जास्तीत जास्त ८ नॉट, थांबायची मुदत ९० मिनिटं, पाण्यात एका वेळी दहाच जण. डोकं-धडापासून तीन मीटर आणि शेपटीपासून चार मीटर अंतर. स्पर्श नाही, फ्लॅश नाही, पाण्याखालची स्कूटर नाही. फिलिपिन्समधल्याच डोनसोलला तर एका माशामागे सहाच पोहणारे आणि स्कूबा बंद. मालदीवची आचारसंहिताही तीन आणि चार मीटरच सांगते. होडीवर कुणी सांगो न सांगो, तुम्ही हेच अंतर धरा.

गाइडबद्दल एक सांगायला हवं. तो माशाच्या मागे ओढत नेतो, पाठीवर हात ठेवायला सांगतो, ते बहुतेक वेळा पाहुण्यांच्या टिपेसाठी. जवळून व्हिडिओ मिळाला की नोट मोठी, हे त्याला वर्षानुवर्षांच्या पाहुण्यांनी शिकवलं आहे. तुम्ही सकाळीच सांगा, की आम्हाला पाठलाग नको, आणि टीप त्या हिशेबाने द्या. आचारसंहितेच्या फलकापेक्षा हे लवकर पोहोचतं.

आता पाण्यात. माणसांना माशाच्या मागून पाण्यात सोडत नाहीत. कप्तान वळसा घालून माशाच्या वाटेच्या पुढे, थोडं बाजूला नेतो, इंजिन न्यूट्रलला टाकतो आणि मग उतरवतो. पायऱ्यांवरून किंवा कडेवर बसून घसरत उतरा, उडी मारू नका. धपकन आवाज आणि बुडबुड्यांचा लोट ऐन त्याच्या तोंडासमोर आला की मासा खाली जातो आणि खेळ संपतो. उतरल्यावर सगळे माशाच्या एकाच बाजूला राहा. दोन्ही बाजूंनी गेलात तर त्याला खाली जाण्याखेरीज वाट उरत नाही. तोंडासमोर थांबायचं नाही. छातीजवळच्या पराच्या रेषेत, तीनेक मीटरवर, समांतर पोहायचं. शेपटीच्या टप्प्यात मागे पडत असाल तर बाजूला व्हा. ती शेपटी मुद्दाम मारत नाही, पण लागली तर मास्क आणि दात दोन्ही जातात.

तीन मीटर पाण्यात मोजायचे कसे? हात डोक्यावर ताणून आणि फिन्स लांब करून तुम्ही आडवे झालात, तर बोटांच्या टोकापासून फिन्सच्या टोकापर्यंत साधारण अडीच ते पावणेतीन मीटर भरतात. त्याहून थोडं जास्त अंतर ठेवायचं. मास्कमधून वस्तू आहे त्यापेक्षा जवळ दिसते, चार मीटरवरची तीनवर वाटते. म्हणजे डोळ्याला तीन मीटर वाटणारं अंतर पाळलंत तरी नियम पाळला जातोच. पाणी गढूळ असेल आणि पाच मीटरपलीकडे काही दिसत नसेल, तर उतरू नये. मासा दिसेपर्यंत तुम्ही त्याच्यावर पोहोचलेले असता.

मासा वैतागला हे ओळखता येतं. तो पाठ तुमच्याकडे वळवतो, कारण पाठीची कातडी सगळ्यात जाड असते. डोळा आत ओढून घेतो, अंग थरथरवतो, शेपटीचा वेग वाढवतो, वाट बदलतो किंवा तिरका खाली सुटतो. यातलं काहीही दिसलं की तुमच्याकडून अंतर कमी झालं आहे असं समजा, थांबा आणि त्याला जाऊ द्या. पुन्हा पुढे उतरून गाठायचा प्रयत्न नको. हे सौजन्यासाठी सांगत नाही. हा मासा शेकडो मीटर खोल, थंड पाण्यात बुड्या मारतो आणि नंतर पृष्ठभागाजवळ येऊन अंग गरम करतो, असं निंगालूच्या टॅगवरून दिसलं आहे. पृष्ठभागावर तो आरामात तरंगतोय असं वाटतं तेव्हा त्याचं काम चालू असतं. दिवसातून पाच होड्यांनी त्याला खाली पाठवला तर ते काम अर्धवट राहतं.

प्रमाणपत्रधारक तिघांसाठी वेगळी सूचना. व्हेल शार्क तुम्हाला डाइव्हमध्ये रीफच्या, म्हणजे प्रवाळखडकाच्या, कडेला भेटला तर रीफजवळ जागच्या जागी राहा. त्याच्या पोटाखाली जाऊ नका, तुमचे बुडबुडे थेट त्याच्या अंगावर जातात. पाठलागाचा मोह आवरा. तो निवांत चालला तरी ताशी तीन-चार किलोमीटरने जातो. सिलिंडर आणि बीसीडीसकट (तरंगण्यासाठी हवा भरायच्या जॅकेटसकट) तुम्ही तो वेग दोन मिनिटंही टिकवू शकत नाही. दम लागतो, हवा भराभर संपते, बडी, म्हणजे डाइव्हचा जोडीदार, मागे राहतो. तो खाली तिरका झाला की नकळत तुम्हीही खाली जाता. ओपन वॉटरची मर्यादा १८ मीटर आहे. माशामागे जाताना खोली दाखवणाऱ्या डाइव्ह कॉम्प्युटरकडे कुणी बघत नाही. वर सुटला तर त्याच्यामागे झपाट्याने वर येणं याहून वाईट. वर होड्या असतात, तेव्हा सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधीच्या थांब्याला) एसएमबी, म्हणजे होड्यांना दिसणारा खुणेचा फुगा, सोडल्याशिवाय पृष्ठभागावर येऊ नका. स्नॉर्केल करणाऱ्यांनीही इंजिन न्यूट्रलला असल्याची खूण मिळेपर्यंत शिडीकडे जायचं नाही.

सनस्क्रीनची चर्चा फार होते. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड आणि लेगिंग घाला, चर्चाच मिटते.

फोटोचं मात्र नीट समजून घ्या. प्रत्येक व्हेल शार्कच्या अंगावरची पांढऱ्या ठिपक्यांची रचना वेगळी असते आणि ती आयुष्यभर टिकते. ओळख पटवायला जगभर डाव्या कुशीचा एक ठरावीक तुकडा वापरतात: पाचव्या, म्हणजे शेवटच्या, कल्ल्याच्या फटीपासून मागे, छातीजवळच्या पराची मागची कड जिथे संपते तिथपर्यंतचा. संगणकाला तीन खुणा द्याव्या लागतात: पाचव्या फटीचं वरचं टोक, तिचंच खालचं टोक आणि पराच्या मागच्या कडेच्या रेषेतला कुशीवरचा बिंदू. मग ठिपक्यांमधले त्रिकोण जुळवून तो आधीच्या माशांशी ताडून बघतो. ही गणिती पद्धत मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी तयार झाली होती. २००५ मध्ये ती या माशासाठी वापरात आली. त्या तीन खुणांपैकी एक जरी चौकटीबाहेर गेली तर फोटो सुंदर असूनही निरुपयोगी.

म्हणून: माशाच्या डाव्या बाजूला, त्याच्याच पातळीवर, कॅमेरा कुशीला काटकोनात. वरून घेतलेल्या फोटोत ठिपके चपटे होतात, समोरून घेतलेल्यात एकमेकांवर चढतात. अॅक्शन कॅमेऱ्याची लेन्स ‘लिनियर’वर ठेवा, रुंद सेटिंगमध्ये कडेला सगळं वाकतं आणि त्रिकोणांची मापं चुकतात. व्हिडिओ ४के वर घेतलात तर त्यातली एक चौकट सुमारे आठ मेगापिक्सेलची मिळते, ती पुरेशी आहे. फोटोपेक्षा व्हिडिओ बरा, त्याला एक कारण आहे. उथळ पाण्यात उन्हाच्या हलत्या रेषा माशाच्या अंगावर पडतात आणि ठिपक्यांसारख्याच पांढऱ्या दिसतात. एका फोटोत फरक कळत नाही, पण दहा सलग चौकटींत रेषा हलते आणि ठिपका जागेवर राहतो. चिकटलेल्या रेमोरा माशांनी तो तुकडा झाकला असेल तर ते सरकेपर्यंत व्हिडिओ चालू ठेवा. काळा-निळा रंग उतरला तरी हरकत नाही, रंगाशी काम नसतं.

डावी बाजू झाली की जमलं तर उजवी घ्या. दोन्ही बाजूंची रचना वेगळी असते, त्यामुळे दोन्ही फोटो एकाच माशाचे आहेत याची खात्री असेल तरच एकत्र पाठवा. दोन मासे जवळजवळ असताना इथेच गोंधळ होतो. दुसरी चूक नंतर, मोबाइलवर होते: फोटो ‘मिरर’ करून सरळ केला जातो. डाव्याचा उजवा झाला की संगणकाला नवीनच मासा मिळतो. मूळ फाइल जशीच्या तशी ठेवा, सजावट प्रतीवर करा.

नर की मादी हे पोटाकडच्या जोडपरांजवळ बघून कळतं. नराला तिथे दोन लांबट क्लास्पर (प्रजननाचे अवयव) असतात, अल्पवयीन नरात ते आखूड असतात. ते बघायला खाली सूर मारू नका. मासा कुशीवर कलला तर सहज दिसतात, नाही दिसले तर ‘माहीत नाही’ लिहा. न दिसले म्हणजे मादी, असं लिहिणारे पुष्कळ. लांबीच्या बाबतीतही पहिल्या भेटीत सगळेच वाढवून सांगतात. समांतर पोहणाऱ्या सोबत्याशी किंवा होडीच्या लांबीशी तुलना करा आणि ‘५ ते ६ मीटर’ असा पट्टा लिहा.

जखमांचे फोटो वेगळे घ्या. सारख्या अंतरावरचे समांतर काप म्हणजे प्रोपेलर, पाठीवरच्या पराचं टोक नसणं म्हणजेही बहुधा तेच. दोरी किंवा जाळ्याचा वळ शेपटीच्या बुंध्याला किंवा छातीजवळच्या पराला दिसतो. या माशाच्या जखमा आश्चर्य वाटावं इतक्या लवकर, काही आठवड्यांत, भरून येतात. म्हणून ताज्या, पांढऱ्या-गुलाबी कापाचा फोटो तारखेसकट मिळाला तर धडक कधी आणि कोणत्या भागात झाली हे ठरवता येतं. महिनाभराने पाठवलेल्या, तारीख नसलेल्या फोटोला हे जमत नाही.

तारखेवरून आठवलं: कॅमेऱ्याचं घड्याळ आदल्या रात्री लावा. मालदीव भारताच्या अर्धा तास मागे आहे, आणि काही रिसॉर्ट स्वतःच्या सोयीसाठी घड्याळ तासभर पुढे ठेवतात. कुठली वेळ धरली ते नोंदीत लिहा. जागेसाठी पाण्यात उतरता क्षणी होडीवर राहिलेल्याने फोनमध्ये पिन टाकावी. सोबत पाण्याचं तापमान (डाइव्ह कॉम्प्युटरवर असतं), मासा खात होता की नुसता जात होता, किती होड्या आणि किती माणसं होती, एवढं पुरे. तीन तास शोधून मासा दिसला नाही, तर तेही स्थानिक संशोधकांना सांगा. किती शोधल्यावर किती दिसले, यावरूनच संख्येचा अंदाज बांधतात.

फोटो पाठवायचे शार्कबुक या जागतिक संग्रहाकडे. तिथे भेटीची नोंद करण्याचा फॉर्म आहे: फोटो चढवा, तारीख आणि जागा भरा, लिंग आणि जखमांची माहिती द्या, ईमेल द्या. ओळख पटली की कळवतात, आणि तो मासा याआधी कुठे, कधी दिसला तेही बघता येतं. दक्षिण आरीत २००६ पासून मालदीव व्हेल शार्क संशोधन कार्यक्रम काम करतो, त्यांनाही द्या. समाजमाध्यमांवर टाकायची घाई असेल तर निदान नेमकी जागा टाकू नका, आणि हात लावलेला किंवा खाऊ घातलेला कुठलाही व्हिडिओ पुढे पाठवू नका.

दोरी अडकलेला मासा दिसला तर स्वतः सुरी काढू नका. अर्धी दोरी कापली की मांसात रुतलेला भाग आतच राहतो आणि पुढच्या वेळी कुणाला दिसतही नाही. ताणलेली दोरी सुटली तर ती तुमच्याभोवतीही गुंडाळते. दोरीची जाडी, ती कुठे रुतली आहे, मागे किती लांब ओढली जाते आहे, याचे फोटो घ्या आणि गाइडमार्फत लगेच कळवा. समुद्रतळावरची सोडून दिलेली जाळी काढण्याबाबतही तेच: चार-पाच किलोंवरचं काहीही लिफ्ट बॅगचं (हवा भरून वजन वर आणणाऱ्या पिशवीचं) प्रशिक्षण नसताना उचलायचं नाही, बीसीडीत हवा भरून तर मुळीच नाही. हातातून निसटलं की तुम्ही बुचासारखे वर जाता.

आता आपला किनारा. भारतात व्हेल शार्कला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत मे २००१ मध्ये घेतलं. हा मान मिळालेला तो देशातला पहिला मासा. त्याआधी सौराष्ट्रात वेरावळच्या आसपास त्याची सर्रास शिकार व्हायची. यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला लावत, मांस आणि पर परदेशी जात. २००४ मध्ये गुजरात वनविभाग, वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम उभी केली, रामकथाकार मोरारीबापूंनी त्याला ‘व्हाली’ म्हणजे लाडकी लेक म्हटलं, आणि तेच मच्छीमार जाळी कापून मासे सोडू लागले. कापलेल्या जाळ्यासाठी भरपाई मिळते, पुरावा म्हणून मच्छीमार स्वतःच फोटो काढतात. महाराष्ट्रातही २०१८ च्या अखेरीपासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापावं लागलं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची सोय आहे.

मालवण-तारकर्लीला किंवा गोव्यात ग्रँड आयलंडला डाइव्ह करताना व्हेल शार्क भेटणं हा योगायोग. आपल्याकडे तो मुख्यतः मच्छीमारांनाच दिसतो, पर्ससीन किंवा गिलनेट जाळ्यांमध्ये. तिथे तुमचा उपयोग आहे. तारकर्लीला जाता तेव्हा ज्यांच्या होडीतून जाता त्यांना डाव्या कुशीचा तो तुकडा मोबाइलवर दाखवा. भरपाईसाठी फोटो काढायचाच असतो. तोच फोटो सोडण्याआधी, मासा पाण्यात होडीच्या कडेला असतानाच, कल्ल्यापासून पराच्या मागेपर्यंतचा काढला तर दोन्ही कामं होतात. त्यासाठी मासा वर ओढायचा नाही आणि वेळही घालवायचा नाही, दहा सेकंदांचा व्हिडिओ खूप झाला. मासा किनाऱ्याला लागला असेल तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. शेपटीला दोर बांधून उलटा ओढणं टाळायला सांगा, कल्ल्यांतून पाणी उलटं शिरतं आणि शेपटीच्या बुंध्याला इजा होते ती वेगळीच. मदत येईपर्यंत कल्ले ओले ठेवायचे, लाट येते त्या बाजूला तोंड राहील असं बघायचं आणि गर्दी मागे सारायची.